कळ, गोळी आणि पाणी

नंदुरबारच्या पाड्यांवर ‘अंग दुखतंय’ ही तक्रार साधी धरून चालत नाही. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात आदिवासी ६९ टक्क्यांच्या आसपास, आणि भिल्ल, पावरा, मावची समाजांत सिकलसेल पिढ्यानपिढ्या चालत आलेला. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांतून कळा सुटतात. थंडी, ताप, अतिश्रम, शरीरातलं पाणी कमी होणं ही या कळांची नेहमीची निमित्तं. गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराच्या वाट्याला यातली बहुतेक येतातच.

मग हाताशी येते डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅकची गोळी. तिने गुण येतो. सिकलसेलच्या कळांवर डॉक्टरही ती देतात. दुखापत झाली की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी सूज आणि ठणका वाढतो. ही औषधं ती रसायनं तयारच होऊ देत नाहीत. अ‍ॅस्पिरिनच्या बाबतीत हे १९७१ मध्ये दाखवणारे जॉन वेन १९८२च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

पण पोटाचं अस्तरही हीच रसायनं सांभाळतात. म्हणून जळजळ, अल्सर, क्वचित काळी शौच. दोन घास खाऊन गोळी घेतली की भागलं, हा समज अर्धाच खरा. औषध रक्तात मिसळूनही अस्तराला बाधतं.

मूत्रपिंडाचं प्रकरण अधिक नाजूक. शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाला रक्त पुरावं म्हणून प्रोस्टाग्लँडिन तिथल्या वाहिन्या रुंद ठेवतं. गोळीने तो आधार जातो. त्यात सिकलसेलच्या रुग्णाचं मूत्रपिंड आधीच दुबळं. त्याच्या गाभ्यात प्राणवायू मुळात कमी, त्यामुळे पेशी तिथे लवकर वाकतात आणि लघवी दाट करण्याची ताकद लहानपणीच ओसरते. मोठी मुलंही अंथरूण ओलं करतात, ते आळसाने नव्हे. पाणी असं निघून जातं, त्याने कळा येतात, आणि कळांवर गोळी घेतली जाते ती नेमकी सर्वांत बाधेल अशा वेळी.

म्हणून इथे पाणी पाजणं हा उपचाराचाच भाग. पॅरासिटामॉल सूज उतरवत नाही, पण मूत्रपिंडाला त्यामानाने सौम्य. त्याचाही डोस वाढला की यकृताला धोका. रोज घ्यायचं हायड्रॉक्सीयुरिया कळांचे झटकेच कमी करतं. छातीत दुखणं, धाप, ताप असेल तर गोळीने गुण येण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावं लागतं.

दुकानात मात्र मागणी एवढीच असते: ‘दुखण्याची गोळी द्या.’ सिकलसेलचा उल्लेख होत नाही. सकाळी दवाखान्यात घेतलेलं इंजेक्शन आणि संध्याकाळची गोळी, दोन्ही डायक्लोफेनॅकच असू शकतात; नावं मात्र वेगळी.