गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत

शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही कधी गाणे म्हटले आहे का? म्हटले असेल, तर माइकसमोर उभे राहिल्यावर छाती कशी धडधडते, हे तुम्हांला सांगायला नको. हातात वाद्य असेल, तर ही धडधड आणखी वाढते. गळा आपला असतो, पण वाद्याचा आवाज लोकांपर्यंत पोचवणारे यंत्र दुसऱ्याचे असते. ते ऐन वेळी काय करील, याचा नेम नसतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलाने संमेलनात गिटार वाजवायचे ठरवले. गिटार त्याच्या मामूंची होती. दोन महिने तो रोज संध्याकाळी घराच्या गच्चीवर सराव करत असे. एक नज्म त्याने स्वतः चाल लावून बसवली होती. कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही शिक्षकांनी ओळखीच्या माणसाकडून एक अ‍ॅम्प्लिफायर मागून आणला. मुलाने पहिली तार छेडली, आणि सभागृहात 'हूंऽऽऽ' असा घुमणारा आवाज सुरू झाला. तो थांबेचना! पोरे हसू लागली. आवाजाचे बटन खाली केले, तर दुसऱ्या रांगेपलीकडे काही ऐकू येईना. वर केले, की पुन्हा तोच हुंकार. तिसऱ्या कडव्याला त्याने गिटार खाली ठेवली. उरलेली नज्म त्याने वाद्याशिवाय पुरी केली आणि मान खाली घालून तो मंचावरून उतरला.

चूक त्याची नव्हती, आमची होती. आम्ही आणलेला अ‍ॅम्प्लिफायर चांगला होता, पण तो या गिटारसाठी नव्हता. तेव्हा आम्हांला जे माहीत नव्हते, ते आज तुम्हांला सांगतो.

प्रथम गिटारकडे नीट पाहा. गिटारचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक लाकडी पोकळ पेटीची, दुसरी विजेची. विजेच्या गिटारचे अंग बहुधा भरीव असते. ती विजेशिवाय वाजवली, तर जेमतेम शेजारच्याला ऐकू येते. लाकडी गिटारचे तसे नाही. तिची तार छेडली, की तारेची थरथर घोडीतून वरच्या पातळ फळीत उतरते. फळी थरथरते आणि पेटीतली हवाही हलू लागते. म्हणूनच ती खोलीभर ऐकू येते. आपल्या हिंदी चित्रपटसंगीतात ही गिटार खूप वाजली. मुंबईच्या वाद्यवृंदांतील गोव्याच्या कलावंतांचा त्यात मोठा वाटा होता. गझलगायक भूपिंदर सिंग हे तर स्वतः उत्तम गिटारवादक होते.

पण खोली वेगळी आणि सभागृह वेगळे. दोनशे माणसे बसली, की त्यांची कुजबुज, पंख्यांची घरघर आणि खुर्च्यांची खडखड यांत गिटारचा मऊ आवाज बुडून जातो. मग यंत्राची मदत घ्यावी लागते. (आवाज हा शब्द मराठीत फारसीतून आला. तुमच्या घरातही तो आहेच. त्यामुळे या पाठातला सर्वांत महत्त्वाचा शब्द तुम्हांला आधीच येतो!)

यंत्राला आवाज कळत नाही, त्याला वीज कळते. म्हणून तारेच्या थरथरीचे विजेत रूपांतर करावे लागते. हे काम करणाऱ्या वस्तूला पिकअप म्हणतात. लाकडी गिटारमध्ये तो बहुधा घोडीवरील पांढऱ्या पट्टीच्या खाली लपवलेला असतो. काही स्फटिक दाबले, की त्यांत वीज निर्माण होते. हा शोध पिएर आणि जाक क्युरी या फ्रेंच भावांनी १८८० साली लावला. तुमच्या स्वयंपाकघरात गॅस पेटवण्याचा लायटर असेल. त्याचे बटन दाबले, की 'टक्' असा आवाज होऊन ठिणगी पडते. ती याच गुणामुळे. लायटरमध्ये स्फटिकावर एकदम जोराचा आघात होतो. गिटारमध्ये त्याच्यावर तारांचा नाजूक, पुन:पुन्हा बदलणारा दाब पडतो. तत्त्व मात्र एकच.

या पिकअपची वीज फार अशक्त असते. ती जपून घ्यावी लागते. एक कल्पना करा. बारीक नळीतून थेंब थेंब पाणी येत आहे. खाली ठेवलेल्या बादलीला मोठे भोक असेल, तर ती कधी भरेल का? चुकीच्या यंत्राला जोडलेल्या गिटारचे असेच होते. तिचा आवाज पातळ, पत्रा वाजवल्यासारखा येतो आणि खालचे गंभीर सूर तर हरवूनच जातात. यासाठी पुष्कळ गिटारच्या बाजूला एक छोटे यंत्र बसवलेले असते. ते ही वीज आधी सशक्त करते आणि मग पुढे पाठवते. ते बहुधा ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालते. तुमच्या गिटारमध्ये असे यंत्र नसेल, तर अ‍ॅम्प्लिफायर घेताना दुकानदाराला तसे स्पष्ट सांगा.

आता खुद्द अ‍ॅम्प्लिफायरकडे वळू. त्याला वाजवणारे लोक नुसते 'अ‍ॅम्प' म्हणतात. विजेच्या गिटारचा अ‍ॅम्प आणि लाकडी गिटारचा अ‍ॅम्प दिसायला सारखे असतात. दोन्ही म्हणजे जाळी लावलेली पेटीच. पण त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. विजेच्या गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये साधारण दहा किंवा बारा इंचांचा स्पीकर असतो. तो वरचे बारीक, चमकदार सूर फारसे काढत नाही. शिवाय तो आवाजाला स्वतःचा रंग देतो, कधी मुद्दाम फाडतोही. विजेच्या गिटारला ते शोभते, किंबहुना तेच हवे असते. लाकडी गिटारच्या अ‍ॅम्पने मात्र आपले काही मिसळू नये. गिटार जशी आहे, तशी ती मोठी करून ऐकवावी. म्हणून त्यात बहुधा दोन स्पीकर असतात. मोठा स्पीकर खालच्या सुरांसाठी आणि रुपयाच्या नाण्याएवढा छोटा स्पीकर वरच्या सुरांसाठी. आम्ही त्या मुलाला दिलेला अ‍ॅम्प पहिल्या प्रकारचा होता.

तरीही तो हुंकार कुठून आला, हा प्रश्न राहतोच. तो समजून घ्या, कारण योग्य अ‍ॅम्प असला तरी तो येऊ शकतो. स्पीकरमधून निघालेला आवाज हवेतून परत गिटारवर आदळतो. गिटारची फळी थरथरते. पिकअप ती थरथर पकडतो आणि अ‍ॅम्पकडे पाठवतो. अ‍ॅम्प तिला मोठी करून पुन्हा गिटारवर फेकतो. अशी ही चकरी फिरत राहते आणि दर फेरीला आवाज वाढत जातो. तार न छेडताही गिटार ओरडू लागते! रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली, की एक ठरावीक सूर निघतो ना? गिटारची पेटीही अशीच एक मोठी बाटली आहे. तिच्यातली हवा सेकंदाला सुमारे १०० कंपनांच्या सुराला चटकन साथ देते. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर सेकंदाला ८२ कंपने होतात आणि तिच्या शेजारची तार ११० कंपनांची असते. म्हणजे हा नाजूक भाग या दोन तारांच्या मधोमध येतो. त्यामुळे हुंकार बहुधा याच जाड सुरांत सुरू होतो.

यावर उपाय आहेत. सर्वांत सोपा उपाय फुकटचा आहे. अ‍ॅम्पची जागा बदला. अ‍ॅम्प तुमच्या पाठीमागे, थेट गिटारकडे तोंड करून ठेवू नका. तो बाजूला आणि थोडा पुढे ठेवा. जमिनीवर ठेवलेला अ‍ॅम्प जास्त घुमतो. तो मजबूत खुर्चीवर ठेवला, तर घुमणे कमी होते. गिटारच्या गोल भोकावर बसणारे रबरी झाकणही मिळते. दिसायला ते विचित्र आहे, पण कामाचे आहे. चांगल्या अ‍ॅम्पवर आणखी एक सोय असते. एका बटनाने नेमका हुंकारणारा सूरच तेवढा दाबता येतो, बाकीचे सूर तसेच राहतात. अ‍ॅम्प पाहायला गेलात, तर हे बटन आहे की नाही, ते आधी विचारा. माझ्या मते बाकीच्या दहा सोयींपेक्षा ही एक सोय मोलाची आहे. आवाजात विहिरीचा किंवा मशिदीच्या घुमटाचा भास आणणारी बटने दुकानात फार मोहवतात. मंचावर त्यांतले एखादेच लागते, तेही थोडेसे.

अ‍ॅम्प किती वॅटचा घ्यावा? दुकानात बहुतेक लोक हाच प्रश्न सर्वांत आधी विचारतात. १५ वॅटच्या जागी ३० वॅटचा घेतला, तर आवाज दुप्पट होईल असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. वॅट दुप्पट केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो जरासाच मोठा वाटतो. दुप्पट मोठा वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते! म्हणून दहा-वीस वॅटच्या फरकासाठी जादा पैसे मोजण्याआधी विचार करा. वर्गखोलीत वाजवायचे असेल, तर १५ ते ३० वॅट पुरतात. शंभर-सव्वाशे माणसांच्या सभागृहाला साधारण ६० वॅटचा अ‍ॅम्प ठीक. मैदानाचा हिशेब निराळा. तिथे आवाज परत पाठवायला भिंती नसतात. अंतर दुप्पट झाले, की आवाज ६ डेसिबलने घटतो. चार पावलांवर बसलेल्याला आणि बत्तीस पावलांवर बसलेल्याला ऐकू येणाऱ्या आवाजांत १८ डेसिबलचा फरक पडतो. एवढ्या जागेसाठी छोट्या अ‍ॅम्पला ओरडायला लावू नका. त्याच्या मागे तीन पिनांची एक जागा असते. तिथून एक वायर मांडवातल्या साउंडवाल्याच्या यंत्राला जोडता येते. मग मोठे स्पीकर लोकांना ऐकवतात आणि तुमचा अ‍ॅम्प तुम्हांला ऐकवतो. मैदानात वाजवणाऱ्याने ही जागा असलेलाच अ‍ॅम्प घ्यावा.

गाणारा आणि वाजवणारा एकच असेल, तर एक गिटारसाठी आणि एक माइकसाठी, असे दोन मार्ग असलेला अ‍ॅम्प बघा. अमेरिकेच्या फिशमन कंपनीचा लाउडबॉक्स मिनी असाच आहे. तो ६० वॅटचा आहे. जर्मनीचा एईआर कॉम्पॅक्ट ६० हाही ६० वॅटचाच, पण वजन अवघे साडेसहा किलो. तो महाग आहे, हेही सांगितले पाहिजे. जपानच्या रोलंड कंपनीचा एसी-३३ आठ पेन्सिल सेलवरसुद्धा चालतो. भारनियमनाच्या गावात ही गोष्ट लहान नाही. ही नावे नमुन्यादाखल दिली आहेत. वर्षातून एकदाच कार्यक्रम असेल, तर विकत घेण्यापेक्षा एका दिवसासाठी भाड्याने आणणे शहाणपणाचे.

घेताना स्वतःची गिटार बरोबर न्या. मुंबईत धोबी तलावाजवळ वाद्यांची जुनी दुकाने आहेत. तिथे किंवा तुमच्या शहरातल्या दुकानात दुकानाच्या उंची गिटारवर अ‍ॅम्प वाजवून पाहू नका. कोणताही अ‍ॅम्प तिच्यावर गोडच वाजतो. आपल्याच गिटारवर वाजवा. मित्राला दूरच्या भिंतीशी उभे करा. कार्यक्रमात जेवढा मोठा आवाज लागेल, तेवढा एकदा तरी करून पाहा. पुष्कळदा संकोचामुळे आपण दुकानात हळू वाजवतो आणि दोष घरी आल्यावर कळतात. आणि हो, अ‍ॅम्प उचलूनही पाहा. रिक्षातून उतरल्यावर तो तुम्हांलाच न्यायचा आहे.

आता जे सांगतो, ते सर्वांत नीट वाचा. अ‍ॅम्पच्या पिनेला तीन पाय असतात. त्यांतला मोठा पाय अर्थिंगचा. भिंतीवरच्या बोर्डात तो बसत नाही, म्हणून काही लोक तो तोडून टाकतात किंवा दोन वायरी काडीने खुपसतात. असे कधीही करू नका, कुणाला करू देऊ नका. यंत्रात काही बिघाड झाला, तर वीज अर्थिंगच्या वाटेने जमिनीत जाते. ती वाट बंद केली, तर ती माणसाच्या शरीरातून वाट काढते. गिटार वाजवणाऱ्याचे बोट धातूच्या तारांवर असते आणि ओठ माइकच्या जाळीला टेकलेले असतात. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी शहरात मंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. त्याचा हात ज्या माइकला लागला, त्याचे अर्थिंग नव्हते. म्हणून अ‍ॅम्प आणि माइकचे यंत्र एकाच बोर्डावर लावा. तो बोर्ड वायरमनकडून आदल्या दिवशी तपासून घ्या. मंच ओला असेल, तर कार्यक्रम थांबवा. प्रमुख पाहुणे खोळंबले तरी चालेल.

वेळेचेही भान ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देते, एवढेच.

त्या मुलाने दहावीच्या वर्षी पुन्हा नाव दिले. आम्हांला वाटले होते, तो देणार नाही. या वेळी अ‍ॅम्प त्यानेच भाड्याच्या दुकानातून निवडून आणला. दुपारी रिकाम्या सभागृहात त्याने तो तीन ठिकाणी ठेवून पाहिला. शेवटी मंचाच्या डाव्या कोपऱ्यात, मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर तो बसवला. मुख्याध्यापक त्या दिवशी बाकावर बसले. गिटारची बॅटरी त्याने सकाळीच बदलली होती आणि वायर काढून ठेवली होती, कारण वायर जोडलेली राहिली, तर बॅटरी उतरत राहते. धाकट्या भावाला त्याने शेवटच्या रांगेत दाराजवळ उभे केले होते. ऐकू आले तर हात वर करायचा, असे ठरले होते. पहिल्या कडव्यालाच हात वर गेला, आणि गाणे संपेपर्यंत त्या पोराने तो खाली घेतला नाही.