संगणकाचे मीटर स्वस्त की भाडे?

परीक्षेच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर लाखोंची झुंबड उडते. एरवी तिथे चिटपाखरूही नसते. एका दिवसासाठी वर्षभर मोठा संगणक चालू ठेवायचा काय?

यावर एक तोडगा म्हणजे ‘सर्व्हरलेस’ पद्धत. नावावरून सर्व्हर नसतोच असे समजू नका! तो असतो; पण त्याची देखभाल दुसरी कंपनी करते आणि आपण रिक्षाच्या मीटरप्रमाणे वापरापुरते पैसे देतो. अ‍ॅमेझॉनने ‘लॅम्डा’ ही अशी सेवा २०१४ साली जाहीर केली.

आता गणित करू. लॅम्डाचा अमेरिकेतील २०२४ चा दर असा : दहा लाख विनंत्यांना ०.२० डॉलर, शिवाय १ गिगाबाइट स्मृती १ सेकंद वापरल्यास सुमारे ०.००००१६७ डॉलर. प्रत्येक विनंतीला १ गिगाबाइट स्मृती ०.१ सेकंद लागली, तर दहा लाख विनंत्यांचा खर्च ०.२० + १.६७ = १.८७ डॉलर. (मोफत वापराची सवलत येथे धरलेली नाही.) समजा, तेवढेच काम पेलणारा संगणक दरमहा १० डॉलर भाड्याने मिळतो. मग महिन्याला सुमारे ५३ लाख विनंत्यांपर्यंत मीटर स्वस्त. त्यापुढे भाडे स्वस्त.

पण सारे पैशांतच मोजता येत नाही. बराच वेळ विनंती आली नाही, तर पुढच्या पहिल्या विनंतीला उत्तर उशिरा मिळते. शिवाय आज्ञावलीत चूक राहून ती स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावू लागली, तर मीटर पळत राहू शकते!

तुमच्या शाळेच्या संकेतस्थळाला काय परवडेल? आधी महिन्याच्या विनंत्या मोजा, मग ठरवा.