उंदराला वाचवणारी घेटुळी

पावसाचे दोन-चार शिडकावे झाले की बांधावर घेटुळी पसरते. लालसर देठ, गोलसर पानं, टाचणीच्या डोक्याएवढी गुलाबी फुलं. गावाकडे तिची भाजी होते. वैद्य तिला पुनर्नवा म्हणतात आणि अंगावरच्या सुजेसाठी देतात. सराट्याचे काटे सायकलच्या ट्यूबा फोडतात, पण लघवीच्या तक्रारींवरच्या काढ्यात गोखरू म्हणून त्यालाच मान. गेल्या काही दशकांत प्रयोगशाळांनी या दोघांना नवं काम लावलं आहे : कॅडमियम, शिसं, पारा यांच्यापासून मूत्रपिंड वाचवण्याचं. हळद, लसूण, आवळा यांचीही तिथे वर्णी लागली आहे.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत शोषला जातो. हे काम मुख्यतः नलिकेच्या सुरुवातीच्या पेशींचं. मीठ-साखर परत घेताना त्या धातूही ओढून घेतात. आत शिरलेला धातू गंधकयुक्त रेणूंना चिकटतो. पेशीचा रक्षक ग्लुटाथायोन हा त्यांतलाच. तो खर्ची पडला की पेशीची आवरणं आणि ऊर्जाकेंद्रं उद्ध्वस्त होऊ लागतात. मूत्रपिंडात साठलेलं कॅडमियम निम्म्यावर यायलाच १० ते ३० वर्षं लागतात. जपानमध्ये कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत गेलं. भात खाणाऱ्यांची, त्यातही उतारवयाकडे झुकलेल्या बायकांची मूत्रपिंडं बिघडली आणि हाडं ठिसूळ होऊन मोडू लागली. हा इताई-इताई आजार प्रदूषणातून उद्भवल्याचं तिथल्या सरकारने १९६८मध्ये मान्य केलं.

आता प्रयोगाकडे. विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांचे गट पाडतात. एका गटाला नुसतं पाणी, दुसऱ्याला कॅडमियम क्लोराइड, बाकीच्यांना धातूसोबत वनस्पतीचा अर्क. काही आठवड्यांनी रक्तातलं युरिया आणि क्रिएटिनिन मोजतात, मूत्रपिंडाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. नुसता धातू मिळालेल्या उंदराच्या नलिकेत पेशींची झालर झडलेली दिसते, केंद्रकं विरलेली, पोकळीत मेलेल्या पेशींचा कचरा. अर्क मिळालेल्याची झालर बऱ्याच अंशी शाबूत. अर्कातली पॉलिफेनॉल संयुगं ग्लुटाथायोनची झीज भरून काढतात, असा याचा अर्थ लावला जातो.

असे चांगले निकाल इतक्या वनस्पतींबाबत आले आहेत, की मला शंका तिथेच येते. या प्रयोगांत अर्क बहुधा धातूच्या आधी किंवा बरोबर दिलेला असतो. माणूस दवाखान्यात पोहोचतो तो धातू वर्षानुवर्षं साठल्यावर. शिवाय मात्रा बघा. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर नेहमीच्या रूपांतराने ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ४ ग्रॅम लागेल. वाळलेल्या झाडाच्या दहाव्या हिश्शाएवढा अर्क निघतो असं धरलं, तर रोज ४० ग्रॅम पाला-मुळं. घेटुळीच्या भाजीने हा हिशोब जमायचा नाही. माणसांवर मोठ्या, काटेकोर चाचण्या होऊन यातला कुठलाही अर्क मान्यताप्राप्त उपचार ठरलेला नाही. शिशाच्या आणि पाऱ्याच्या विषबाधेवर डॉक्टर धातूला बांधून लघवीवाटे काढणारी औषधं देतात. कॅडमियमवर तसा भरवशाचा उपायही नाही.

त्यातली खरी गंमत, कडू म्हणा हवं तर, हळदीची आहे. उंदरांमध्ये शिशापासून रक्षण करणारी हळद बांगलादेशात स्वतःच शिसं घेऊन स्वयंपाकघरात जात होती. १९८०च्या दशकात पुरात भिजून फिकट पडलेल्या हळकुंडांना उजळवायला लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळायला सुरुवात झाली आणि ती सवय पडली. २०१९मध्ये संशोधकांनी माग काढला, सरकारने छापे घातले, आणि शिसं सापडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१पर्यंत शून्यावर आलं. एवढी मूत्रपिंडं वाचवणारा अर्क मला तरी माहीत नाही.

औषधांचंही तेच. बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. हा अहवाल २००४चा. रसशास्त्रात पारा मुद्दाम, शोधन करून वापरतात हे खरं, पण म्हणूनच तो वैद्याच्या नजरेखाली घ्यायचा असतो, बिनलेबलच्या पुडीतून नव्हे. केरळमध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांमध्ये पाऱ्याशी जोडला जाणारा प्रकार आढळला. त्यांतल्या १३ जणांनी गोरं करणारी क्रीम लावली होती. सौंदर्यप्रसाधनांत नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एका भागापलीकडे नसावा, असा आपल्याकडचा सर्वसाधारण नियम आहे.

घेटुळीची भाजी खुशाल खा, पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर काढे आणि अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. उत्पादकाचं नाव-पत्ता नसलेली क्रीम किंवा पुडी घरात असेल तर वापर आजच थांबवा आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या.