तंजावरच्या अन्नपूर्णाबाई: खांडाराणी, राजाची आई

भातसानगरच्या लोकांना माहुली किल्ला परका नाही. १६३६ मध्ये मोगल आणि विजापूरकरांच्या वेढ्यात शहाजीराजांची निजामशाहीसाठीची लढाई इथेच संपली आणि ते आदिलशाहीच्या चाकरीत दक्षिणेकडे गेले. त्यांचे आणि तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी पुढे तंजावर घेतले. तंजावरचे भोसले शिवाजी महाराजांचे वंशज, असे सर्रास बोलले जाते. ते महाराजांच्या सावत्र भावाचे वंशज. पण याच घराण्यातल्या अन्नपूर्णाबाईंविषयीचे गैरसमज जास्त अन्यायाचे आहेत.

गैरसमज असा की त्या तंजावरचे राजे तुकोजी यांनी ठेवलेली बाई होत्या. वस्तुस्थिती: त्या खांडाराणी होत्या. वराच्या जागी त्याची तलवार ठेवून लग्न लावायचे आणि त्या स्त्रीला राजवाड्यात आणायचे, अशी ही रीत. पट्टराणीचा मान तिला नसे, तिची मुले औरस मुलांच्या मागे उभी राहत. तरी ती घरातलीच. पुढच्या लेखकांनी हा फरक पुसून सगळ्यांना 'रखेल' हा एकच शब्द लावला.

मग अशा आईचा मुलगा गादीवर आला, तो ती बळकावूनच, असेही म्हणतात. घडले ते पाहा. १७३६ मध्ये तुकोजीराजे वारले. औरस पुत्र एकोजी वर्षभरात गेले. त्यांची विधवा सुजानबाई काही काळ गादीवर होत्या. नंतर शहाजी नावाचा दावेदार आला. त्याच्या स्वतःच्या जन्माबद्दलच वाद होता. अखेर १७३९ मध्ये दरबाऱ्यांनी अन्नपूर्णाबाईंच्या प्रतापसिंहांना राजा केले.

दहा वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीला अचानक हाच शहाजी 'खरा वारस' वाटू लागला. १७४९ मध्ये तिच्या फौजेने तंजावर राज्यातला देवीकोट्टईचा किल्ला घेतला. तरुण क्लाइव्ह त्या हल्ल्यात होता. किल्ला हाती येताच कंपनीने प्रतापसिंहांनाच राजा मानले आणि शहाजीची पेन्शनवर बोळवण केली. जन्माचा प्रश्न किती खरा होता, ते यावरून कळते.

राजवाड्याच्या आश्रयातल्या बायका मुक्या आणि निरक्षर, हेही खोटे. प्रतापसिंहांच्याच दरबारातली मुद्दुपळनी ही गणिका. तिचे 'राधिका सांत्वनमु' हे तेलुगू काव्य आजही वाचले जाते.

१७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लालीने प्रतापसिंहांच्या तंजावरला वेढा घातला, त्याला हात हलवत परतावे लागले. प्रतापसिंह १७६३ पर्यंत, २४ वर्षे राजा होते. त्यांच्या आईचे नाव लिहिताना 'रखेल' हा शब्द आता तरी गाळावा.