गर्भजलाची परीक्षा

पोटांतून सुई घालून गर्भाशयांतील पाणी काढावयाचें, एवढें ऐकलें कीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांच्याहि अंगावर कांटा येतो; मग जिच्यावर प्रसंग आला तिची काय कथा! वस्तुतः सुईचें दुःख थोडें असतें, भयाचें मोठें; आणि भय बहुधा पुढें काय होणार हें ठाऊक नसल्याचें असतें.

गर्भाच्या गुणसूत्रांत दोष असल्याची शंका आली म्हणजे साधारणतः १५ व्या आठवड्यानंतर ही परीक्षा करितात. स्त्रीला उताणें निजवून, सोनोग्राफीच्या पडद्यावर मूल व वार कोठें आहे तें पाहत, लांब पण बारीक सुई आंत नेतात आणि तीन-चार चहाचे चमचे, म्हणजे १५ ते २० मिलिलिटर पाणी घेतात. तें पाणी लवकरच पुन्हां भरून येतें. कातडीला रक्त काढतांना टोंचतें तितकेंच टोंचतें. सुई गर्भाशयाच्या भिंतींतून जातांना मात्र पाळीच्या वेळच्यासारखी कळ येते. ती स्नायु आकसल्याची कळ. मुलास इजा झाल्याची ती खूण नव्हे. बधिर करण्याचें औषध कातडीपुरतेंच चालतें, आणि त्यासाठींहि सुई टोंचावीच लागते. म्हणून त्याचा फारसा लाभ नाहीं.

श्वास कोंडून पोट ताठ करूं नये, तो सावकाश सोडीत राहावें. पडद्याकडे पाहावयाचें कीं तोंड फिरवावयाचें, हें तिचें तिनें ठरवावें. लघवी करून जावें कीं थांबवावी, हें आधीं विचारावें. तुंबलेल्या मूत्राशयाचा त्रास फुकट कां सोसावा? रक्त आर-एच निगेटिव्ह असल्यास तेंहि सांगावें, म्हणजे अँटी-डीचें इंजेक्शन देतां येतें.

गर्भपाताचा धोका शंभरांत एकाहून कमी, परंतु शून्य नव्हे. म्हणूनच १९९४ च्या कायद्यान्वयें त्या स्त्रीला तिच्या समजुतीच्या भाषेंत परिणाम सांगून तिचीच लेखी संमति घ्यावी लागते. सासूबाईंनीं मान हालविली म्हणजे संमति झाली असें नव्हे! मुलगा कीं मुलगी, हें विचारणेंहि गुन्हा आहे.

दिवसभर विसांवा घ्यावा, भरलेली बादली उचलूं नये. थोडी कळ राहील. पण पाणी गळूं लागलें, रक्त दिसलें, ताप आला वा कळ वाढत गेली, तर रात्र असली तरी रुग्णालय गांठावें.

खरी कसोटी पुढेंच. कांहीं दोषांचा निकाल दोन-तीन दिवसांत कळतो, पूर्ण तपासणीस दोन-तीन आठवडे लागतात. निकाल कोण व कसा कळविणार, तें त्याच दिवशीं विचारून ठेवावें, आणि त्या वेळीं आपल्याजवळ कोण असावें, तेंहि ठरवावें.