तिसऱ्या वेळी घरीच?

सातवा महिना लागला तेव्हा आमची धाकटी जाऊ एका संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली, "भाभी, या वेळी दवाखाना नको. घरीच होऊ दे."

तिची आधीची दोन्ही बाळंतपणे दवाखान्यात झाली, आणि अल्लाहच्या कृपेने सुखरूप झाली. तरी दुसऱ्या वेळचे तिच्या मनातून गेलेले नाही. रात्रभर आत एकटी होती. पडद्याची सोय नव्हती, कळा असह्य होऊन ओरडली तर टोमणे मिळाले. ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. आम्ही बाहेर व्हरांड्यात बसून होतो.

अम्मींना तिचे म्हणणे पटले. त्यांची पाचही बाळंतपणे घरीच झाली. दाई पाठीवर हात ठेवून बसायची, बाळ होताच घरातलेच कोणी कानात अजान द्यायचे. त्यांची थोरली बहीण मात्र घरच्याच बाळंतपणात अंगावरून रक्त जाऊन वारली. ते त्या आपणहून कधी सांगत नाहीत. त्या दिवशी आम्ही विचारले म्हणून सांगितले.

आमचा तालुका जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली येथे आले. गावातल्याच बायका निवडून, त्यांतल्या कित्येक निरक्षर, त्यांना त्यांनी आरोग्याचे काम शिकवले. त्यांनी दाईला हिणवले नाही. हात साबणाने धुवा, नाळ नव्या ब्लेडनेच कापा, हे तिला शिकवले. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. "जामखेडला बायका घरीच बाळंत व्हायच्या" असे सांगणारे अर्धेच सांगतात. कोणत्या बाईला घरी ठेवायचे नाही, हेही त्या दाईला शिकवलेले असे आणि तिच्या पाठीशी जामखेडचा दवाखाना होता. आमच्या गावात आज तशी दाई उरलेली नाही. घरी बाळंतपण म्हणजे अम्मी, आम्ही आणि आमची बी.एड.ची पदवी!

रक्तस्राव आधी सांगून येत नाही. बाळ झाल्यावर गर्भाशय नीट आकसले नाही, तर थोड्याच वेळात अर्धा लिटरहून जास्त रक्त जाते. आधीची दोन बाळंतपणे सोपी झाली म्हणून तिसरेही तसेच होईल, याची हमी नाही. गर्भाशय आकसण्याचे इंजेक्शन दवाखान्यात लगेच मिळते. घरी आम्ही गाडी शोधत बसणार. आधी सिझेरियन झालेले असेल, तर कळांच्या वेळी जुना व्रण फाटण्याचा धोका असतो, तिथे घरचा विचारच नको.

पण एवढे सांगून तिला गप्प करणे आम्हाला बरे वाटेना. तिला दवाखान्याची भीती नव्हती, तिथल्या एकटेपणाची होती. मग आशाताईंकडून कळले की 2016 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक बाई थांबू शकते, शक्यतो जिला स्वतःला मुले झालेली आहेत अशी. हे आम्हाला, शिकल्यासवरल्यांना, ठाऊक नव्हते!

गेल्या आठवड्यात आम्ही तिला घेऊन दवाखान्यात गेलो, प्रसूतीची खोली पाहिली, सिस्टरना विचारले. त्या म्हणाल्या, "एकच जण, चप्पल बाहेर, आणि मध्येमध्ये फोन नको." जाऊबाईने लगेच विचारले, "आणि पडदा?" त्यांनी तो ओढून दाखवला.

अम्मी तिच्याजवळ थांबणार आहेत. धुतलेल्या मऊ जुन्या साड्या, खजूर आणि तपासणीची कागदपत्रे पिशवीत भरून ठेवली आहेत. 108 नंबर दारामागे खडूने लिहिला आहे. दिराने अजान दवाखान्यातच द्यायचे कबूल केले आहे.

तारीख पुढच्या महिन्याची आहे.