बुडी मारणारीं बदकें आणि गाळपेराचा हरभरा

हिवाळा लागतांच आपल्या जिल्ह्यांतील नळगंगा, खडकपूर्णा इत्यादि धरणांवर उत्तरेकडील पांखरें उतरूं लागतात. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जमिनींत आपण गाळपेर करतों. त्यामुळें या पाहुण्यांशीं आपला संबंध अगदीं बांधावरचा आहे.

'बदक' हा शब्द आपण सरसकट वापरतों. परंतु त्यांत भेद आहेत. कांहीं बदकें शेपटी वर करून केवळ डोकें बुडवितात. लालसरी व शेंडीबदक हीं मात्र संपूर्ण बुडी मारतात. लालसरीच्या नराचें डोकें तांबूस, छाती काळी व अंग राखी असतें. यांचे पाय शरीराच्या बरेच मागें असल्यामुळें पोहण्यास उत्तम, पण चालण्यास अडचणीचे. पाणवनस्पतींचीं मुळें, बीं, गोगलगाई व किडे हें त्यांचें भक्ष्य. करवतीसारख्या चोंचीनें मासे धरणारें मर्गँझर बदक हिमालयाकडील नद्यांवर हिवाळा काढतें.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून असतां एका गाळपेरदाराची तक्रार आली कीं, बदकें हरभरा खातात. पंचनाम्यांत मीं 'बदकांनीं नुकसान केलें' एवढेंच लिहिलें. कोणत्या बदकांनीं, हें पाहिलें नाहीं. त्या कागदाच्या आधारावर गाळपेरदारानें पाण्यांत जाळें लाविलें. सकाळीं पाहतों तों अकरा लालसऱ्या जाळ्यांत गुदमरून मेलेल्या! हरभरा मात्र त्या रात्रींही खाल्ला गेला होता, आणि ओळींमध्यें नारिंगी पिसें पडलीं होतीं. तीं चक्रवाकाचीं. हा पक्षी जमिनीवर सहज हिंडून कोवळे कोंब खुडतो. चोर कोरड्या पायांनीं निघून गेला व निरपराध्यास शिक्षा झाली. दोष जाळ्याचा खरा, पण आरंभ माझ्या लेखणीचा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. लालसरी तर २०१५ पासून जगांतील संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादींत आहे. म्हणून कृषिबंधूंस विनंती कीं, जाळें किंवा विषारी दाणे यांच्या मार्गास जाऊं नये. पीक कोवळें असेतों पहांटे व तिन्हीसांजेस राखण ठेवावी, चकाकत्या फिती बांधाव्या. सातबाऱ्यावर नांव चढविण्यापूर्वीं आपण चौकशी मागतों. पांखरावर आरोप चढविण्यापूर्वीं तेवढीच करावी.